खरे बोलण्याची मुभा

17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेपुढे उद्देशिकेचा मसुदा आला आणि हरि विष्णू कामत यांनी एक दुरुस्ती मांडली. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. कामत काही कर्मठ गृहस्थ नव्हते. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला, सभागृहात कुणाची भीड न बाळगणारा तो माणूस. शिब्बनलाल सक्सेना आणि गोविंद मालवीय यांच्याही त्याच धाटणीच्या सूचना होत्या. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी विचारले, देवच का, देवी का नको? कामाख्येच्या मुलखातून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिकच होते. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै उठले. आपण स्वतः श्रद्धावान आहोत, पण ही दुरुस्ती म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती ठरेल, असे त्यांनी सांगितले. माणसाच्या अगदी आतल्या भावनेचा विषय असा चर्चेच्या आखाड्यात ओढला गेला, याबद्दल हृदयनाथ कुंझरू यांनी खेद व्यक्त केला. ज्या मजकुरात विचार, श्रद्धा आणि उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी द्यायची, त्याच्याच तोंडाशी अशी सक्ती बसवता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. देवावर मत देण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत हटले नाहीत. मते पडली: बाजूने 41, विरुद्ध 68. हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, असे म्हणून कामत खाली बसले.

त्या सभागृहाचा एकंदर पिंड पाहता विरुद्ध मत देणाऱ्या 68 जणांतले बहुतेक देव मानणारेच असणार. घरी देव्हारा असलेल्या, नेमाने नमाज पढणाऱ्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या माणसांनी देवाचे नाव राज्यघटनेच्या पहिल्या ओळीत घालायला नकार दिला. त्यामागची भूमिका अशी: ‘आम्ही भारताचे लोक’ असे ज्यांच्या वतीने लिहायचे, त्यांतल्या काहींना ते वाक्य उच्चारताना मनाविरुद्ध बोलावे लागले असते. आस्तिक-नास्तिक वादात एकमेकांचा आदर कसा राखायचा, याची सगळ्यांत नेमकी कसोटी मला इथे सापडते. समोरच्याला त्याच्या श्रद्धेविषयी किंवा अश्रद्धेविषयी खोटे बोलावे लागू नये. खरे बोलल्यामुळे त्याला नोकरी, लग्न, पद, शेजार, अंत्यविधी यांतल्या कशालाही मुकावे लागू नये. एवढे साधले तर आदर राखला गेला. बाकीचा सगळा गोडवा यापुढे दुय्यम आहे.

आदर म्हटले की आपल्याकडे दोन अपेक्षा धरल्या जातात. पहिली अशी की दुसऱ्याचे मतही बरोबर आहे असे मानावे. ते अशक्य आहे. देव आहे आणि देव नाही ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानायला कुणी सांगू लागला तर तो आपल्याला विचार करणे सोडायला सांगतो आहे. दुसरी अपेक्षा अशी की विषयच काढू नये. चार लोकांत वाद नको, जेवणाच्या पंगतीला तर नकोच. याने शांतता राहते हे खरे. पण त्या शांततेची किंमत नेहमी संख्येने कमी असलेला माणूस मोजतो. देव मानणाऱ्यांच्या घरात नास्तिक गप्प बसतो आणि पुरोगाम्यांच्या बैठकीत देव मानणारा आपला गुरुवारचा उपास लपवतो. दोघांनाही मनात एक आणि ओठांवर एक ठेवावे लागते.

या खोटेपणाची सक्ती कायद्यानेच केली, असा एक काळ आपल्या देशात होऊन गेला. केशवचंद्र सेन आणि त्यांचे ब्राह्मो अनुयायी मूर्तिपूजेविना, होमहवनाविना लग्ने लावत. ती लग्ने कायद्याने ग्राह्य धरावीत म्हणून त्यांनी खटपट केली आणि 1872 साली विशेष विवाहाचा तिसरा कायदा आला. त्यात अट अशी की वधूवरांनी जाहीर करायचे: मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही. ब्राह्मोंच्याच आदि समाजाचा याला विरोध होता, कारण ते स्वतःला हिंदू समजत. पुढे पन्नास वर्षे ही अट तशीच राहिली. दोन वेगळ्या जातींतल्या, मनाने पूर्ण हिंदू असलेल्या तरुण-तरुणीला या कायद्याखाली लग्न करायचे तर सरकारी अधिकाऱ्यासमोर ‘मी हिंदू नाही’ असे लिहून सही करावी लागे. जो खरोखरच कुठला धर्म मानत नसे त्याची सोय झाली, आणि जो मानत असे त्याला खोटी सही करणे भाग पडले. 1923च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती वाट मोकळी केली. धर्म नाकारण्याचे हे कलम पूर्णपणे गेले ते 1954च्या विशेष विवाह कायद्याने. आज नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या जोडप्याला तू देव मानतोस का, कुठला धर्म मानतोस हे सिद्ध करावे लागत नाही, याच्या मागे ब्याऐंशी वर्षांची ही वाटचाल आहे. श्रद्धेची परीक्षा घेणारे कलम अश्रद्धांइतकेच श्रद्धावानांनाही छळते, हे 1872च्या कायद्यावरून दिसते.

इंग्लंडात याच सुमारास चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे प्रकरण गाजत होते. 1880 साली ते नॉर्दम्प्टनमधून निवडून आले. ते उघड नास्तिक. देवाची शपथ घेण्याऐवजी मी प्रतिज्ञा करतो, असे त्यांनी सांगितले. ते नाकारले गेले. मग शपथ घ्यायची तयारी दाखवली, तर ज्याच्या दृष्टीने ते शब्द पोकळ आहेत त्याला शपथ कशी द्यायची, असा उलटा आक्षेप निघाला. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत ठेवले, पुढच्या वर्षी सभागृहातून धक्के मारून बाहेर काढले. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. 1886 साली ते अखेर आसनावर बसले आणि 1888 साली शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्यांनीच मंजूर करून घेतला. दुसऱ्या वर्षी, डिसेंबर 1889मध्ये, हेच ब्रॅडलॉ काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आले. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर पार्लमेंटात आवाज उठवणारा मित्र म्हणून इथे त्यांचे मोठे स्वागत झाले. त्यांच्या नास्तिकपणाने कुणाचे काही अडले नाही.

आपल्या राज्यघटनेची तिसरी अनुसूची उघडून पाहावी. मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने तिथे आहेत. प्रत्येक नमुन्यात एका जागी वाक्याला दोन फांद्या फुटतात आणि दोन पर्याय वर-खाली छापलेले दिसतात: ईश्वरसाक्ष शपथ घेतो, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. पुढे वाक्य पुन्हा एक होते. संविधानाविषयी निष्ठा, कर्तव्य, निर्भयता हे सगळे दोघांना समान. डिसेंबर 1948मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेवर चर्चा झाली तेव्हा देवाचे नाव हवे म्हणून महावीर त्यागी आणि कामत यांनी आग्रह धरला होता. डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला आणि पर्यायही ठेवला. देव मानणाऱ्याला त्याची साक्ष काढता यावी आणि न मानणाऱ्याला आपल्या शब्दावर उभे राहता यावे, अशी ही रचना. उद्देशिकेत देव नाही आणि शपथेत आहे, यात मला विसंगती दिसत नाही. उद्देशिका सगळ्यांच्या वतीने बोलते, शपथ एकेकटा माणूस घेतो. सामूहिक मजकुरात कुणाचीच श्रद्धा लादायची नाही आणि व्यक्तीला तिची श्रद्धा मोठ्याने बोलू द्यायची, असा दुहेरी हिशोब त्या सभागृहाने मांडला होता. न्यायालयातल्या साक्षीदारालाही 1969च्या कायद्याने हाच पर्याय दिला आहे.

कायदा एवढे करू शकतो. माणसामाणसांतल्या आदराची गोष्ट मात्र कायद्याच्या पुढची आहे आणि तिचा सगळ्यांत बोलका दाखला गांधीजींच्या आयुष्यात मिळतो. 1891च्या प्रारंभी ब्रॅडलॉ वारले तेव्हा गांधीजी लंडनमध्ये शिकत होते आणि तिथल्या बहुतेक हिंदी लोकांबरोबर तेही अंत्ययात्रेला गेले. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले. पृथ्वीचा घेर किती, तुमचा देव केवढा, मग तो राहतो कुठे, अशी सरबत्ती सुरू झाली. पाद्री नम्रपणे उत्तरे देत राहिला, शेवटी गप्प बसला, आणि प्रश्न विचारणारा विजयी मुद्रेने लोकांकडे पाहू लागला. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगून नोंदवले आहे की त्याने नास्तिकतेविषयीचा त्यांचा दुराग्रह आणखी वाढला. एका प्रामाणिक नास्तिकाला निरोप देऊन परतणारा तरुण नास्तिकतेपासून आणखी दूर गेला, तो एका बेमुर्वत अनुयायामुळे.

चाळीस वर्षांनी, 1931 साली, स्वित्झर्लंडमध्ये बोलताना ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे आपण का म्हणू लागलो, हे गांधीजींनी सांगितले. नास्तिकसुद्धा सत्याची गरज नाकारत नाही, हे त्यांचे कारण. त्यात ब्रॅडलॉ यांचा उल्लेख आला. ते स्वतःला नास्तिक म्हणवत असले तरी मी त्यांना देवभीरूच म्हणेन, असा तो उल्लेख होता. यात प्रेम आहे, मोठेपणा आहे. तरीही इथे काहीतरी निसटते. ज्याने आपले ‘नाही’ उच्चारण्यासाठी सहा वर्षे सभागृहाबाहेर काढली, त्याच्या ‘नाही’ला मेल्यावर ‘हो’ ठरवले जाते. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. एखादा देव न मानणारा डॉक्टर किंवा शिक्षक जन्मभर लोकांसाठी झिजला की शोकसभेत कुणीतरी उठून सांगतोच, खरे तर हाच मोठा आस्तिक होता. बोलणाऱ्याचा हेतू गौरवाचा असतो. पण चांगुलपणा फक्त श्रद्धेतूनच येऊ शकतो हे गृहीत त्यामागे असते आणि गेलेल्या माणसाचे स्वतःविषयीचे म्हणणे तेवढे पुसले जाते.

गांधीजी इथे थांबले नाहीत. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे कट्टर नास्तिक आणि अस्पृश्यता निवारणाचे कार्यकर्ते. 1944-45च्या सुमारास ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले आणि दोघांच्या दीर्घ चर्चा झाल्या. कुणीही कुणाला बदलले नाही. माझा आस्तिकवाद बरोबर किंवा तुमचा नास्तिकवाद चूक असे मी म्हणू शकत नाही, आपण दोघे सत्य शोधणारे आहोत, या अर्थाचे गांधीजी बोलल्याची नोंद गोरांनी ठेवली आहे. बोलण्यापुरती ही उदारता अनेकांना जमते. खरी कसोटी पुढे लागली. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य समाजातल्या तरुणाशी करायचे ठरवले आणि ते सेवाग्राम आश्रमात लावण्याचे गांधीजींनी मान्य केले. आता लग्न म्हणजे विधी आला आणि विधीत देवाचे नाव आले. नास्तिक वधूपित्याने तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यावेत, असे गांधीजी सहज सांगू शकले असते. एवढ्या मोठ्या माणसाचा मान राखायला कुणीही ते ऐकले असते. त्यांनी तसे केले नाही. विधीत देवाच्या जागी सत्य म्हणावे, हे त्यांनी स्वीकारले. लग्न लागायच्या आधीच त्यांची हत्या झाली. सहा आठवड्यांनी, 13 मार्च 1948 रोजी, सेवाग्रामला ते लग्न ठरल्याप्रमाणे लागले. ज्याचा दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि प्रार्थनेने संपे, त्या माणसाने आपल्याच आश्रमातला विधी समोरच्याला खोटे बोलावे लागू नये म्हणून बदलला. स्वतःची श्रद्धा तसूभरही सोडली नाही.

महाराष्ट्राला हे नवे नसावे. जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका कुटुंबाची कल्पना आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्माची वाट धरावी, आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने नांदावे. आजही कितीतरी घरांना झेपणार नाही असे हे चित्र. पण नीट पाहिले तर त्या घरात एक माणूस नाही: कुठलेच पुस्तक न स्वीकारणारा. जोतीराव स्वतः निर्मिक, म्हणजे निर्माता, मानणारे होते. धर्माधर्मांतला फरक पचवणे आणि धर्मच नको म्हणणाऱ्याला सामावणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे. पुण्याने तेव्हा ती अनुभवली होती. गोपाळ गणेश आगरकर देवाविषयी अज्ञेयवादी. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत सनातन्यांची मजल गेली. त्याच पुण्यात 1892 साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1895 साली मरेपर्यंत त्या पदावर राहिले. रस्त्यावर त्यांचे तिरडीचे सोंग निघाले तरी वर्गातली जागा टिकली. ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर झाले त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आता आक्षेपांकडे वळू. विवेकवाद्यांचा आक्षेप असा की ज्या समजुतींपायी माणसे मरतात त्यांचा आदर कसला करायचा? साप चावलेल्या मुलाला दवाखान्यात न नेता मांत्रिकाकडे नेणे हा काय मतभेद आहे? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी दीर्घकाळ लढा दिला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देणे. दैवी शक्तीचा दावा करून स्त्रियांचे शोषण करणे. आणि त्याच कायद्याचे बारावे कलम काय वगळते ते वाचावे: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, घरी, मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात, पॅगोडात, चर्चमध्ये केलेली, शरीराला इजा न करणारी उपासना, जैनांचे केशलोचन, जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला. कायद्याने आपल्या दिंडीवर, हरिपाठावर गदा येईल अशी भीती वारकऱ्यांत पसरली होती. ती ऐकून घेऊन मजकुराची छाननी होत गेली. कायदा हात घालतो तो कृतीला. मनातल्या देवाला तो हात लावत नाही. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीत देव मानणारे कार्यकर्ते आहेतच. ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारे डॉ. श्रीराम लागू आणि शोषणाला विरोध करू, देवाधर्माविषयी तटस्थ राहू म्हणणारे दाभोलकर हे दोघे एकाच मंचावर बसून गावोगाव लोकांसमोर हा मतभेद उघड मांडत. टीका सभ्य असते आणि तरीही धारदार राहते, हे श्रोत्यांनी पाहिले.

टीका हाच आदराचा एक प्रकार असू शकतो. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली तेव्हा ज्योतिषांना हिणवणारा लेख लिहून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या पाठवून कोणती कुठल्या गटातली ते सांगायला सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी 46 टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी 50च्या आसपास आले असते. दाव्याला दावा समजून त्याची तपासणी करणे, यापेक्षा जास्त गांभीर्याने कुणाचे म्हणणे घेता येत नाही. आणि उत्तरे पाठवणारे ते ज्योतिषीही आदराला पात्र आहेत.

श्रद्धावानांचा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो: आमच्या देवाविषयी वेडेवाकडे बोलले की आम्हाला यातना होतात, त्या मोजायच्या नाहीत का? मोजायला हव्यात. श्रद्धा हे कित्येकांच्या आयुष्यातले एकमेव बळ असते. पोर गेलेल्या आईला विठ्ठलाच्या पायाशीच रडता येते. तिच्या तोंडावर देवाची टर उडवणारा माणूस विवेकी म्हणवून घ्यायला लायक नाही. पण कायद्याने इथे आखलेली रेघ नीट पाहावी. 1927 साली दंडसंहितेत आलेले 295अ हे कलम, आता भारतीय न्याय संहितेतले 299, भावना दुखावल्या एवढ्याने गुन्हा धरत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केलेला असावा लागतो. ही अट काढून टाकली तर सुधारणेचा प्रत्येक शब्द गुन्हा ठरेल, कारण कुणी दुखावल्याशिवाय कुठलीच रूढी मोडलेली नाही. आणि दुखावल्याची भरपाई गोळीने करायची ठरली तर बोलायला कुणी उरणार नाही. दाभोलकरांमागून गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी, गौरी लंकेश गेले. मे 2024मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली. दाभोलकरांचे विचार पटत नव्हते असे म्हणणारे हजारो श्रद्धावान त्या खुनाने हादरले होते, हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप नेहमी आवाज चढवून घेतला जातो: हे सगळे हिंदूंनाच का सांगता? तो झिडकारून चालणार नाही, कारण ‘नाही’ म्हणण्याची किंमत सगळ्या समाजांत सारखी नाही. हमीद दलवाईंनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हा त्यांना स्वकीयांचा रोष आणि उपेक्षा दोन्ही सोसावे लागले. दाऊदी बोहरा समाजातल्या बंडखोरांवर बहिष्कार पडत आला. तो रोखणारा मुंबई राज्याचा 1949चा कायदा 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि तो प्रश्न 2023मध्ये पुन्हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. म्हणजे कसोटी सगळ्यांना एकच लावायची, आणि जिथे खरे बोलणाऱ्याला वाळीत टाकले जाते तिथे जास्त जोराने लावायची. 1966 साली सावरकरांनी आणि 1977 साली दलवाईंनी आपले अंत्यसंस्कार रूढ धार्मिक विधींशिवाय, विद्युतदाहिनीत व्हावेत, अशी इच्छा मागे ठेवली. राजकारणात दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. दोघांचीही इच्छा त्यांच्या माणसांनी पाळली.

शेवटचा आक्षेप संख्येचा. 2011च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात सुमारे 33 हजार निघाले, त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रात. 28 लाखांहून अधिक लोकांनी धर्मच सांगितला नाही. एवढ्या मूठभरांसाठी सगळ्यांनी का बदलायचे? पण न्यायालयात गेलेली प्रकरणे पाहिली तर खरे बोलण्याची ही मुभा मागणारे बहुधा श्रद्धावानच दिसतात. केरळात यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की ‘मला कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा हक्क सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात येतो आणि धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही. राजपत्रात तशी नोंद मागणारे अर्जदार येशूला मानत होते. त्यांना फक्त धर्माचे लेबल नको होते. त्याच्या वर्षभर आधी, नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून रोखलेली वेतनश्रेणी त्याच न्यायालयाने द्यायला लावली. तो शिक्षक प्रार्थनेला येत होता, शांत उभा राहत होता. फक्त हात जोडत नव्हता. जोडलेल्या दोन हातांवर पगार ठरत असेल तर बाकीच्यांच्या जोडलेल्या हातांनाही अर्थ उरत नाही.

कोर्टात जाणारे थोडे. बहुतेकांचा प्रश्न घरातच येतो आणि तिथे निकाल देणारा न्यायाधीश नसतो. वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेपर्यंत भाऊबंद नदीकाठी ताटकळतात आणि धाकटा मुलगा सांगतो, मी पिंडदान करणार नाही. थोरल्याला वाटते, हा बापाचा अपमान. धाकट्याला वाटते, न मानता हात लावणे हाच अपमान. दोघांचेही प्रेम खरे आहे. थोरल्याने विधी करावा, धाकट्याने शेजारी उभे राहावे, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या प्रेमाचे माप काढू नये, एवढी वाट काढता येते. सत्यनारायणाला बोलावलेल्या नास्तिक शेजाऱ्याने पूजेला न बसता चपला काढून घरात यावे आणि मोठ्यांना नमस्कार करावा. यजमानाने प्रसाद पुढे करताना ‘घ्या हो, तुम्ही मानत नसलात तरी’ हे शेपूट जोडू नये. नास्तिकांनी लंडनच्या त्या स्टेशनवरचा प्रसंग ध्यानात ठेवावा. वाद जिंकण्याच्या भरात ऐकणाऱ्याला कायमचे दूर लोटणे विवेकवादाला परवडणारे नाही, आणि श्रद्धा म्हणजे अडाणीपणा हे समीकरण तर रानडे, भांडारकर, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या महाराष्ट्रात टिकणारे नाही. ते प्रार्थना समाजाचे लोक नेमाने उपासना करत होते आणि रूढींवर घाव घालणाऱ्यांत पुढे होते.

1 मार्च 2027 ही पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. प्रगणक दारात येईल, कुटुंबप्रमुखाला समोर बसवेल आणि एकेका माणसाची माहिती विचारत धर्माच्या रकान्यापाशी पोचेल. जे सांगितले जाईल तेच लिहायचे, हे त्याच्यावर बंधन आहे. आपण मात्र बहुतेक घरांत एका दमात सगळ्यांचे उत्तर देऊन टाकतो. या वेळी तसे करू नका. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला आधी विचारा: तुझ्यापुढे काय लिहू? तुळशीला पाणी घालणाऱ्या आजीला विचारा, कॉलेजातल्या नातीला विचारा, सासरचा धर्म लग्नाने अंगावर आलेल्या सुनेला आवर्जून विचारा. आणि जे उत्तर येईल ते, पटो वा न पटो, तसेच सांगा.